मंगळवारची निवड चाचणी

सोलोफोने डाव्या गुडघ्याला पट्टा करकचून आवळला आणि बूट पिशवीत कोंबले. फाट्यावर फियानारांत्सोआ शहराला जाणारी टॅक्सी हॉर्न वाजवत होती, आणि नेमके तेव्हाच गावातले सर्वांत वडीलधारे रायनिझाफी काठी टेकत अंगणात येऊन उभे राहिले.

"आज मंगळवार आहे, पोरा."

"ठाऊक आहे, आजोबा."

मंगळवारी या गावात कोणी राबत नसे. कोणी राबलंच तर गारा पडतात, आणि त्या काही एकट्या त्याच्याच शेतात पडत नाहीत. भात कापणीला आलं होतं. म्हातारबुवा उगाच आले नव्हते. पण राष्ट्रीय फुटबॉल संघाची निवड चाचणीही आजच होती, आणि बत्तिसाव्या वर्षी सोलोफोला पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

चौदा वर्षं त्याने मधल्या फळीत काढली होती. आधी फियानारांत्सोआ, मग राजधानी, दोन हंगाम रेयुनियन बेटावर. चेंडू हिसकावायचा, दुसऱ्याच्या पायाशी द्यायचा आणि गोल झाला की त्या दुसऱ्याला खांद्यावर घ्यायचं. राष्ट्रीय शिबिराला तो चार वेळा गेला, चारही वेळा शेवटच्या यादीतून गळला. आता नवा प्रशिक्षक आला होता, त्याला मुरलेला माणूस हवा होता, तर हा वार आडवा आला. सोलोफोला संताप आवरेना.

"कामाला चाललोय का मी? खेळायला चाललोय. विचारा ना बाबांना!"

खरं तर विचारायचीही गरज नव्हती. त्याचे वडील रालाइवाओ बाजारात, लग्नकार्यात, चारचौघांत एकच पालुपद लावत: पोरगं काम करत नाही, चेंडू बडवत हिंडतं. त्यावरून बापलेकांत कैक वेळा अबोला झाला होता. आज त्याचा पहिल्यांदाच उपयोग होणार होता.

रालाइवाओ उंबऱ्यात बसून करपलेल्या भाताचं गरम पाणी पीत होते. रायनिझाफी त्यांच्याकडे वळले.

"सांग रे. खेळ का काम? खेळ असेल तर खुशाल जाऊ दे."

रालाइवाओंनी भांडं खाली ठेवलं.

"काम आहे."

"बाबा! आजच सुचलं हे तुम्हाला?"

"सगळे सामने रेडिओवर ऐकलेत मी," रालाइवाओ रायनिझाफींनाच सांगत राहिले. "याचं नाव कधी घेत नाहीत. चिखल तुडवणाऱ्या बैलांचं तरी कोण घेतं? नव्वद मिनिटं राबतो हा. दोनदा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. याला खेळ कसा म्हणू? तुमच्यापुढे खोटं बोलवत नाही."

हे ऐकायला सोलोफोने चौदा वर्षं जीव टाकला होता. आता मात्र त्याला ओरडावंसं वाटत होतं.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. रायनिझाफींना दया आली असावी.

"बापाचं राहू दे. मैदानात तू उतरतोस, तूच सांग. तू म्हणशील ते मी धरीन."

सोलोफोने वडिलांकडे पाहिलं. ते भांड्यातल्या पाण्याकडे बघत होते.

"खेळ आहे, आजोबा," तो म्हणाला. "नुसता खेळ."

रालाइवाओंनी मान हलवली, परक्या माणसाच्या बोलण्याला हलवावी तशी. मग उठून त्यांनी पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

"पळ मग," ते म्हणाले. "टॅक्सी थांबायची नाही."