कप्तानाचं पोट

लॅबमध्ये गावभरच्या मलमूत्राच्या डब्या मीच हाताळते. थुंकी, पू, जंत, सगळं पाहून झालंय, आणि हात धुऊन त्याच हातांनी मी डबा खाते. मला घाणीची किळस येत नाही. किळस येते ती आमच्या महाशयांच्या कादंबरीची.

महाशय म्हणजे माझा नवरा. भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त. गेले काही महिने शौचाला काळं होतंय, पँट कमरेवर ठरत नाही, पण तपासणीचं नाव काढलं की, "अगं, पित्त आहे. एवढं प्रकरण संपू दे." एक संपलं की दुसरं तयारच. मी आणलेल्या नमुन्याच्या डबीत त्यांनी टाचण्या ठेवल्या. शी! संताप होतो नुसता.

आणि कादंबरी तरी कसली? एक कप्तान. रुंद छाती, भर वादळात डोलकाठीवर चढणारा, खारवलेलं मांस पचवून ढेकर देणारा. एवढ्या प्रकरणांत हा बाबा एकदाही संडासला गेलेला नाही. टाइप मी करते, कारण महाशयांना कीबोर्ड जमत नाही. लिहिताना त्यांचा चेहरा इतका निवांत असतो की बघून मला मळमळतं. त्या वेळी त्यांना पोटच नसतं. गोळा येतो तो माझ्या पोटात.

"लिहायला बसलो की काही दुखत नाही मला," ते म्हणतात.

"दुखत नाही म्हणजे बरं झालं का?"

"तू म्हणजे लॅबच घेऊन येतेस घरी."

रविवारी दुपारी धाकटे दीर येतात आणि महाशय त्यांना नवं प्रकरण वाचून दाखवतात. मी छापलेला कागद आधी नजरेखालून घालायचा नाही, थेट वाचायचा, ही यांची खोड. आपलंच लेखन, त्यात काय बघायचं? मी त्या खोडीचाच फायदा घेतला.

त्या रविवारी कप्तानाला बेट दिसलं, त्याने सुकाणू वळवलं, आणि पुढच्याच परिच्छेदात तो संडासला गेला. महाशय वाचत राहिले. कप्तानाने खाली पाहिलं तर डांबरासारखं काळं. त्याने घाईघाईने बादलीभर पाणी ओतलं, पट्टा आणखी आवळला आणि आचाऱ्याला सांगितलं, पित्त आहे. जहाजावरच्या डॉक्टरने दिलेल्या डबीत त्याने टाचण्या ठेवल्या. महाशय अडखळले, पण थांबले नाहीत. धाकट्या भावासमोर थांबणार कसे?

दीर खुर्ची पुढे ओढून बसले. "दादा, आज पहिल्यांदा तुझा कप्तान माणूस वाटला. इतके दिवस नुसता पुतळा होता. पण भित्रा निघाला की रे. पुढे करतो का तपासणी?"

महाशयांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" मी कप उचलले. "लेखक तुम्ही."

 सोमवारी सकाळी बेसिनवर डबी, झाकण वाकडं, बाहेरून बरबटलेली, आणि शेजारी वाटीत टाचण्या. टाचण्यांची डबी कुठे चालते नमुन्याला? एवढी वर्षं माझ्याबरोबर संसार करून ह्या माणसाला एवढंही कळू नये. मी ती कचऱ्यात टाकली आणि पर्समधली कोरी डबी हातात दिली. "पुन्हा."

दुसऱ्या दिवशी ती निमूटपणे भरून मिळाली. तपासणी मीच केली, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची छाती झाली नाही. थेंब टाकले आणि कागद निळा झाला. निळा म्हणजे रक्त. रोज कितीतरी जणांचा होतो. मी हात धुतले, पण डबा काही उघडला नाही.

घरी आले तेव्हा महाशय टेबलाशी होते. कोरा कागद समोर, पेनाचं टोपणही काढलेलं नव्हतं.

"रक्त आहे," मी म्हटलं. "उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं. मी रजा टाकलीय."

त्यांनी तो कोरा कागद माझ्याकडे सरकवला. 

"कप्तानाचं पुढचं तूच लिही. पण त्याला मारू नकोस."

मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

"नाही मारत," मी म्हटलं. लॅबमध्ये असा भरवसा कुणालाच द्यायची आम्हाला परवानगी नसते.