आता बस खाली

डीजेंच्या बॅटलला, म्हणजे समोरासमोरच्या स्पर्धेला, परीक्षक म्हणून बोलावणं आलं की थोरला आधी एकच गोष्ट विचारायचा, "स्टेज आहे का?"

हल्ली बहुतेक वेळा नसायचं. स्पर्धकाने आपल्या खोलीत एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा, चाळीस वेळा फसला तर एकेचाळिसावा पाठवायचा, आणि परीक्षकांनी आपापल्या घरी चहा पीत तो फोनवर बघून गुण द्यायचे. थोरला गुण द्यायचा, अगदी मन लावून द्यायचा, पण ह्याला बॅटल म्हणायला त्याची जीभ वळत नसे. समोर कुणी नाही, घाम नाही, हात चुकला तर हसणारं कुणी नाही. घरात आरशाशी कुस्ती खेळायची आणि जिंकलो म्हणायचं, असला प्रकार, तो म्हणायचा. ऐकणारी पोरं मान डोलवायची आणि पाठ फिरली की हसायची. त्यांचंही बरोबर होतं. म्हातारं होऊ घातलेल्या माणसाचं कुणी किती ऐकायचं?

त्याच्या वेळी हॉल असायचा. एका टेबलावर रेकॉर्ड फिरवणारी दोन टर्नटेबल, मधे दोन्हींचे आवाज मिसळणारा मिक्सर, आणि फिरती रेकॉर्ड हाताने पुढेमागे घासून ठोके काढायला प्रत्येकाला सहा मिनिटं. पाच परीक्षक इतके जवळ बसायचे की कुणाची बोटं थरथरतात ते त्यांना दिसायचं. रेकॉर्डचे क्रेट स्वतःच्या खांद्यावरून आणायचे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात घरोघरच्या बादल्यांमध्ये रेकॉर्ड भिजत पडलेल्या असायच्या. मधलं कागदी लेबल ओलं करून खरवडून टाकायचं, म्हणजे आपण कुठल्या गाण्यातला ठोका उचललाय ते प्रतिस्पर्ध्याला वाचता येऊ नये. थोरल्याच्या आईला अंघोळीला बादली मिळायची नाही. "तुमच्या त्या ताटल्या काढा आधी," ती दारातून ओरडायची. लेबल गेलेल्या काळ्या तबकड्या थोरला नुसत्या हात फिरवून ओळखायचा. ही कुठली, ती कुठली, सुई टेकवायच्या आत सांगायचा. त्या बाबतीत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

आणि एक नियम होता. तोंडाने बोलायचं नाही. माईक फक्त निवेदकाकडे. समोरच्याला चिडवायचं असेल, घालूनपाडून बोलायचं असेल तर ते रेकॉर्डमधूनच आलं पाहिजे. म्हणून लोक जुन्या बाजारात दिवस दिवस घालवून नाटकांच्या, भाषणांच्या, लहान मुलांच्या गोष्टींच्या रेकॉर्ड धुंडाळायचे आणि त्यातला एखादा 'गप्प रे' किंवा 'घरी जा' हुडकून काढायचे.

थोरल्याच्या जोडीला त्याचा भाऊ असायचा. निवेदक दोघांना थोरला-धाकटा म्हणायचा, तीच नावं पुढे चिकटली. धाकट्याचा हात थोरल्याएवढा साफ नव्हता, पण डोकं सुपीक. तो म्हणाला, "दादा, दुसऱ्याच्या तोंडचं कशाला शोधायचं? आपलंच बोलू या की."

शहराच्या टोकाला एक कारागीर मागणीनुसार एकेक रेकॉर्ड कापून द्यायचा. धाकटा त्याच्याकडच्या माईकसमोर उभा राहिला आणि तीन शब्द बोलला. "आता बस खाली." बस्स, एवढंच. कारागिराने दोन तबकड्या कापल्या, कारण टर्नटेबल दोन. देताना त्याने सांगितलं होतं, "ह्या मऊ असतात. दुकानातल्या रेकॉर्डसारख्या टिकायच्या नाहीत. जपून वाजवा." दोघांनी हो हो म्हटलं. पंचविशी-तिशीतली माणसं अशा सूचना ऐकतात तशाच त्यांनी ऐकल्या.

त्या तीन शब्दांनी चार वर्षं हॉल डोक्यावर घेतला. थोरला खालून ठोका धरायचा आणि त्यावर धाकट्याचा आवाज पुढेमागे खेळवायचा. आ, आ, आता, आता बस, बस, बस, बस खाली! एकदा तर समोरचा गडी खरोखरच मटकन खुर्चीत बसला आणि परीक्षकसुद्धा पोट धरून हसले. एक तबकडी त्याच वर्षी तडकली. दुसरी उरली.

मग धाकटा गेला. ताप डोक्यात चढला आणि चार दिवसांत खेळ आटोपला. त्याची मुलगी छकुली तेव्हा सात महिन्यांची होती.

वर्षभराने थोरला एकटा उतरला. भावासाठी जिंकायचं म्हणून त्याने रक्ताचं पाणी केलं. सकाळी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायच्या, कारण पोट तर भरायला हवं, आणि दुपारी घरी आल्यापासून त्या तबकडीवर हात. चार महिने, रोज, तेवढाच इंचभर खाचेचा तुकडा, पुढे आणि मागे. दुसरी एखादी रेकॉर्ड घेऊन सराव करावा आणि ही स्पर्धेपुरती ठेवावी, हे एखाद्या शाळकरी पोराने सांगितलं असतं. थोरल्याला ते सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं असावं, पण मग रोज दुपारी भाऊ भेटला नसता.

स्पर्धेत तो तिसरा आला. गुणपत्रिकेवर एका परीक्षकाने लिहिलं होतं, 'हात उत्तम. शब्द कळला नाही.' थोरला भडकला. घरी येऊन त्याने तबकडी लावली आणि बायकोला म्हणाला, "ऐक, कळतंय की नाही?"

बायकोने ऐकलं आणि विचारलं, "शब्द कधी येणार?"

तेव्हा त्याला उमगलं. त्याला शब्द अजून ऐकू येत होता. तबकडीवर मात्र नुसती खरखर होती. सुईने खाच खाऊन टाकली होती, आणि चार महिने तो आपल्या डोक्यातला भाऊ ऐकत होता. त्याने तबकडी पाकिटात घातली, पाकीट कपाटात. बायकोला म्हणाला, "हे कुणाला बोलू नकोस." ती बिचारी बोलली नाही.

धाकट्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. लग्नाच्या कॅसेटवर फोटोवाल्याने सुरुवातीपासून शेवटापर्यंत सनईसारखं काहीतरी ओतून ठेवलं होतं. धाकट्याचे ओठ हलताना दिसायचे, एवढंच. त्यामुळे ती तबकडी घरात सगळ्यांच्या लक्षात होती. भावजयीने एकदा विचारलंही होतं, "भावोजी, ऐकवाल का एकदा?" थोरला म्हणाला, "मऊ आहे गं ती, वाजवली की झिजते. छकुली मोठी होऊ दे, मग दोघींना एकदमच ऐकवतो." भावजयीने तेवढ्यावर विश्वास ठेवला. दोन वर्षांपूर्वी तीही गेली, न ऐकताच. थोरल्याची बायको तिच्या आधीच गेली होती. आता खरी गोष्ट ठाऊक असलेला तो एकटा होता.

छकुली बावीस वर्षांची, काकापेक्षा वीतभर उंच, आणि तरीही छकुलीच. ती बॅटल करायची. लॅपटॉप, दोन टर्नटेबल, आणि त्यांवर नुसत्या खुणेच्या रेकॉर्ड, ज्यांत गाणं नसतं, हात कुठे फिरला एवढंच त्या लॅपटॉपला कळवतात. गाणी सगळी लॅपटॉपमध्ये. कितीही घासा, काही झिजत नाही. थोरला तोंडाने नावं ठेवायचा आणि लॅबमध्ये सगळ्यांना तिचे व्हिडिओ दाखवायचा.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "काका, मोठ्या स्पर्धेची पहिली फेरी आहे. रविवारपर्यंत मिनिटभराचा व्हिडिओ पाठवायचाय. शेवटच्या आठ सेकंदांत मला बाबा हवेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तबकडी. एकदाच वाजवू, मी रेकॉर्ड करून घेते, मग जन्मात सुई लावायला नको. आणि मला ऐकायचंय हो. मी ऐकलाच नाहीये ना त्यांचा आवाज."

"शोधतो," थोरला म्हणाला. कपाट त्याच्या समोरच होतं.

तीन दिवस तो शोधत होता. एकदा मनात आलं, पडून फुटली म्हणून सांगावं. मग दुसरंच सुचलं. फोनवर लोक दोघा भावांची नेहमी गल्लत करायचे. धाकट्याचा सासरासुद्धा फसायचा. आपणच बोललो तर? ती ओळखणार कशावरून? तिने ऐकलाच नाहीये, असं तीच म्हणाली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो लॅबच्या कोठारात शिरला. प्लास्टरच्या गोण्या, फळीवर वेगवेगळ्या लोकांचे जबडे, प्रत्येकावर क्रमांक. त्याने फोन तोंडाशी धरला आणि म्हणाला, "आता बस खाली." ऐकून पाहिलं. छप्पन वर्षांच्या माणसाचा आवाज होता. पुन्हा बोलला, जरा तरणं होऊन. मग जरा चिडवून. मग 'बस'वर जोर देऊन, मग 'खाली'वर. अकरा वेळा झालं तेव्हा दारातून पॉलिशवाली बाई म्हणाली, "अहो, कुणाला बसवताय? इथे खुर्ची तरी कुठेय?"

थोरला तेवढ्यापुरता हसला. आवाज जमत नव्हता ही गोष्ट वेगळी. जोर कुठल्या शब्दावर होता तेच त्याला आठवत नव्हतं. धाकटा ते हसत म्हणाला होता की दरडावून? डोळे मिटून त्याने ऐकायचा प्रयत्न केला, तर ऐकू यायचं ते फक्त आ, आ, आता, बस, बस. स्वतःचा हात ऐकू यायचा. त्या हाताखालचं माणूस येत नव्हतं. आता डोक्यातही खरखरच उरली होती. त्याने सगळी रेकॉर्डिंग पुसली आणि कवळी घासायला बसला.

शनिवारी सकाळी छकुली लॅपटॉप आणि वायरी घेऊन दारात हजर. "सापडली ना?"

थोरल्याने कपाट उघडून पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. तबकडीच्या मधोमध धाकट्याने पेनने लिहिलेलं होतं, 'दादा, घाई करू नकोस.' ती ते वाचून हसली आणि तिचे डोळे भरले.

"छकुले, थांब. आधी ऐक माझं," तो म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगितलं. मऊ तबकडी, चार महिने, तिसरा क्रमांक, गुणपत्रिका, बायकोचा प्रश्न. तिच्या आईला काय सांगितलं होतं तेही. कोठारातलंसुद्धा सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, टर्नटेबलकडे बघत होता.

तिने पेनच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "आईला माहीत नव्हतं?"

"नाही."

"ती वाट बघत होती, काका. मी मोठी व्हायची."

तिने तबकडी लावली. खरखर, मग एक ओबडधोबड सुस्कारा, पुन्हा खरखर. तिने तरीही रेकॉर्ड करून घेतलं आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला. "एक प्रोग्रॅम आहे. खरखरीतून आवाज वेगळा काढतो. जे गेलंय ते अंदाजाने भरतो. बघू तरी." तिने शब्द टाइप केले, वय टाकलं, आणि दोघं पडद्यावरच्या हळूहळू भरणाऱ्या पट्टीकडे बघत बसली. थोरल्याने आयुष्यात ह्या यंत्रांना शिव्याच घातल्या होत्या. आता तो मनातल्या मनात त्यांच्या हातापाया पडत होता.

पट्टी भरली. प्रोग्रॅमने तीन आवाज काढून दिले.

छकुलीने पहिला लावला. "आता बस खाली." जाडसर, दमदार पुरुषी आवाज. दुसरा लावला. तेच शब्द, पण आवाज हलका, जरा नाकातला. तिसरा किंचित हसत बोलत होता. तिन्ही स्वच्छ होते. तिन्ही जिवंत माणसांसारखे होते. तिने ते पुन्हा एकदा ओळीने वाजवले, आणि खुर्ची वळवून काकासमोर केली. मघाचा राग, रडू, सगळं बाजूला ठेवून ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ह्यातले बाबा कुठले?"

तिसरा, असं त्याच्या ओठांवर आलं. हसणारा होता, पोरीला आवडला असता. एक शब्द बोलला की तिला बाप मिळणार होता. तिच्या मिनिटाचा शेवट मिळणार होता, आणि जगात कुणालाही कळलं नसतं. पण तिच्या आईलाही त्याने असंच एक वाक्य देऊन अठरा वर्षं बसवून ठेवलं होतं.

"परत लाव," तो म्हणाला. तिने लावले. तो पुढे वाकून, तळहात कानामागे धरून ऐकत राहिला. तिन्ही त्याला परके वाटले, आणि तिन्हींपैकी कुठलाही खरा असू शकला असता.

"मला नाही ओळखता येत गं," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "माझा भाऊ होता तो, आणि मला नाही ओळखता येत."

छकुलीने तिन्ही आवाज एकदम बंद केले. तिचा आवाज चढला नाही. ती लहान मुलीने विचारावं तसं विचारत होती.

"मग मी आता कुणाला विचारू?"