मुकी बटणं

मी एक जुनी व्हिडिओ गेमची पेटी आहे, मित्रांनो. भंगार म्हणाल तर याद राखा! माणसाएवढी उंच आहे मी.

खेळघरात माझ्यापुढे रांगा लागायच्या. पोरं माझी जॉयस्टिक अशी पिळायची, जणू कुणाचा कानच हाती लागलाय. तिथला मिस्त्री मात्र मला लेकीसारखं जपायचा. खेळघर बंद पडलं, बाकीच्या पेट्या मोडीत गेल्या, पण मला त्याने हातगाडीवर घालून घरी आणलं.

पुढे त्याची नजर गेली. तरी रोज माझ्यापुढे बसून तो कानाने खेळायचा. बटण दाबलं की टक्, जॉयस्टिक वळवली की कट्. त्यावर त्याचा दिवस जायचा. मग माझी बटणं एकेक करून आत रुतून बसली, जॉयस्टिकही ढिली पडली. मिस्त्रीने भिंतीकडे तोंड केलं आणि जेवणही टाकलं.

त्याची लेक धास्तावली. त्याला न सांगता तिने नवे भाग मागवले. टेबलावर फुगीर, खोलगट, दिव्यांची बटणं. गोल मुठीची जॉयस्टिक, लांब मुठीची जॉयस्टिक.

"अगं, नवरा निवडायला एवढा वेळ लावला नव्हतास!" शेजारी बसलेली तिची आत्या म्हणाली.

"म्हणून तर आता लावतेय, आत्या."

दोघी हसल्या. आणि लेकीने निवडली ती बिनआवाजाची बटणं, जॉयस्टिकही तसलीच. तिचं तान्हं बाळ त्याच खोलीत झोपतं ना! मी आतून ओरडत होते, अगं बाई, ही नको! लाकडाचं कोण ऐकतो?

नवे भाग लावून झाले, मग मिस्त्रीला आणून माझ्यापुढे बसवलं. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गेमचा बारीक आवाज येत होता, पण आपलं बोट पोचलं की नाही, तेच त्याला कळेना.

"बाबा, कसं वाटतंय?"

"छान आहे गं," तो म्हणाला, तिचं मन राखायला. "पण आता पुरे. उगाच जागा अडवते ही. देऊन टाक कुणाला."

भिंत चाचपत तो परत खाटेवर गेला. रात्रीचं ताटही तसंच परत आलं.

मला माझी काळजी नाही. खोटं कशाला बोलू, आहे! पण त्याची जास्त आहे. मित्रांनो, कुणासाठी काही आणाल, तर आधी त्याचा हात हातात घ्या, त्याला विचारा. आणि या घरावरून जाणार असाल, तर लेकीला तेवढं सांगा. आत्ताच सांगा. मला न्यायला टेम्पोवाला दारात उभा आहे, आणि माझी बटणं जराही आवाज करत नाहीत, हे ती त्याला कौतुकाने दाखवते आहे.