ढाकलेली वाळू

"ढाक गो ते मडकं. आणि एकदा ढाकलंस की ढवळायला जाऊ नको."

रेवदंड्याच्या स्वयंपाकघरातला आईचा हा आवाज आज इतक्या वर्षांनी, समुद्रापारच्या अश्दोद शहरात, तिसऱ्या मजल्यावर, मलकाच्या मागे लागला होता. यहुद्यांच्या पेसाह सणाला आई पेसाह म्हणायचीच नाही. तिच्या तोंडी तो अनाशी ढाकायचा सण. अनाशी म्हणजे आंबट रस; त्याचं मडकं फडक्यानं बांधायचं, कोपऱ्यात सारायचं, सण सरेपर्यंत त्याकडे बघायचं नाही. आत अंधारात त्याचं ते काय करायचं ते करील.

पण मलका अश्दोदला आली त्या वर्षी समोरच्या बाईनं हसत हसतच विचारलं होतं, तुम्ही इंडियावाले खरे यहुदी ना? हसून विचारलेलं जास्त लागतं. तेव्हापासून मलकाचा पेसाह ढाकण्याचा राहिला नाही, उकरण्याचा झाला. हामेत्सचा, म्हणजे सणात वर्ज्य असलेल्या गव्हापावाचा, कण म्हणून घरात उरू द्यायची नाही. कोटाचे खिसे उलटे करायची, दाराच्या बिजागरीत सुई घालून पावाचा चुरा काढायची.

यंदा तिची नजर हॉलमधल्या काचेच्या टाकीवर गेली. माशांच्या खाण्याच्या डबीवर लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. म्हणजे वर्षभर गहू त्या वाळूत मुरत होता, आणि ती मात्र बिजागऱ्या कोरत बसली होती! नवरा शलोमो बाजारात गेला होता. तिनं बाही सारली, लांब दांड्याचा डाव घेतला आणि वाळू पार तळापासून ढवळून काढली. खालून काजळीसारखे काळे ढग उठले. सडक्या अंड्यांचा वास घरभर झाला. घाबरून तिनं खिडक्या उघडल्या, वाळू हातानं सारखी केली, डाव धुतला आणि होता तिथे टांगून ठेवला.

ती वाळू साधी नव्हती. शलोमो आणि लिओर या बापलेकांमधला तेवढाच एक पूल होता.

लिओरनं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं आणि दूर एलात गावी शोभेचे मासे विकायच्या दुकानात नोकरी धरली, तेव्हा शलोमोनं बोलणंच टाकलं. बंदरावर जन्मभर क्रेन चालवली ती पोरगा मासे विकील म्हणून नव्हे, असं तो ज्याला त्याला सांगायचा. पोरगा गेला, त्याची खाऱ्या पाण्याची टाकी मागे राहिली. तिच्यात माशांच्या घाणीतून होणारं नायट्रेटचं विष साठू लागलं. शलोमो बादल्या भरभरून पाणी बदलायचा, पण परीक्षानळीतला रंग तांबडा तो तांबडाच. शेवटी तोंड कडू करून त्यानं एलातला फोन लावला.

लिओरनं सांगितलं, बारीक वाळूचा अर्धा फूट जाड थर घाला. वरच्या वाळूत हवा असते, तळाशी नसते. तिथल्या अंधारात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते नायट्रेट खातात आणि त्याचे बुडबुडे करून सोडून देतात. फक्त, अब्बा, हात लावायचा नाही.

शलोमोनं आधी हसण्यावारी नेलं. मग वाळू आणली, घातली, आणि वाट बघत बसला. नळीतला तांबडा गुलाबी झाला, गुलाबी लिंबासारखा पिवळा झाला. मग दर शुक्रवारी शब्बातचा विसावा लागायच्या आधी फोन सुरू झाले. बाप मराठीत बोले, लेक हिब्रूत उत्तर देई. गोष्टी वाळूच्याच, पण गोष्टी. सिनेगॉगात शलोमो सांगत सुटला की पोराला आपल्याहून जास्त कळतं. ते ऐकून मलका घरी आली ती गुणगुणतच, आणि आमटी तळाला लागली तरी तिला पत्ता नव्हता.

आता सगळं उलटं वाहू लागलं होतं. सणातच मासे एकेक करून उताणे तरंगले. नळी पुन्हा रक्तासारखी झाली. वाळू कुणी हलवली का, असं लिओरनं फोनवर विचारलं. शलोमोनं वळून मलकाला विचारलं. ती म्हणाली, मी कशाला हलवू? तिला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. लिओर म्हणत राहिला, हलवल्याशिवाय असं होत नाही. शलोमो ओरडला की म्हणजे मी खोटा का? आणि त्यानं फोन आपटला. पुढचा शुक्रवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. फोन वाजायचा आणि वाजून थांबायचा. रोज सकाळी मलका ठरवायची, आज सांगीन. रोज शलोमोचा चेहरा बघून शब्द पुन्हा खाली बसायचा.

आज शुक्रवार. टाकीत एकच केशरी मासा उरला होता, पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. शलोमो बादली आणि केराची सुपली घेऊन स्टुलावर चढला.

"काय करता अवो?"

"काढून टाकतो सगळी. डोळ्यांत वाळू फेकली पोरानं माझ्या. म्हणे अंधारात जीव राहतात! आणि मी म्हातारा खुळा, लोकांना सांगत फिरलो."

पहिली सुपली बादलीत पडली. ओल्या वाळूचा थप्प आवाज झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"उचलू नको," तो वळूनही न बघता म्हणाला.

मलका फोनपाशी उभी राहिली. ढाक गो, आई म्हणत होती, ढवळू नको. पण आई, ढवळून बसले ना मी, आणि मग वर ढाकलं! दुसरी सुपली पाण्यात शिरली. केशरी मासा कोपऱ्यात दडला.

तिनं फोन उचलला.

"इम्मा?" पलीकडून लिओर म्हणाला. "अब्बा आहे का?"

"आहे. ऐकतोय." तिनं तोंड नवऱ्याकडे वळवलं. त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. "तुझी वाळू बरोबर होती रे बाळा. पेसाहच्या आधी मीच ती डावानं तळापर्यंत ढवळली. हामेत्स काढायला. आणि तुझ्या अब्बानं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."