दाचीची नातलिया

नाझीमावशीने कोंबडीची तंगडी उचलून रुमियानाच्या ताटात ठेवली आणि रुमियानाला पहिली शंका आली.

त्या घरात तंगडी मालखाजची असे. मालखाज हा नाझीमावशीचा मुलगा. चाळिशीला टेकलेला, द्राक्षमळा सांभाळणारा, बिनलग्नाचा. भाडेकरणीच्या वाट्याला तीन वर्षांत पंखाच्या वर काही गेलं नव्हतं. मालखाजने आपल्या ताटात आलेल्या मानेकडे पाहिलं आणि ती चोखायला घेतली.

शंका घेण्याचाच रुमियानाला पगार मिळे. गुरजानी गावातल्या एका वाइन कारखान्यात बुचं हुंगण्यासाठी ती बल्गेरियाहून आली होती. एक बूच कुबट निघालं की बाटली गेली, म्हणून दिवसभर एकेक बूच नाकाशी धरायचं आणि त्याच्याबद्दल वाईटसाईट विचार करायचा. संध्याकाळी घरी आल्यावरही नाक लगेच थांबत नसे.

"रविवारी माझ्या नातवाचा, थेआच्या दाचीचा, बाप्तिस्मा आहे," नाझीमावशी म्हणाली. "त्याची नातलिया तू व्हायचंस."

नातलिया म्हणजे धर्ममाता. रुमियानाच्या गावाकडे धर्ममाता म्हणजे वाढदिवसाला खेळणं पाठवणारी आणि पुढेपुढे तेही विसरणारी बाई. इथे मात्र या मानावरून जावाजावांत बोलणं बंद झालेलं तिने पाहिलं होतं. नाझीमावशीच्या दोन सख्ख्या पुतण्या गल्लीत नवे बूट घालून तयार बसल्या होत्या. मग आपणच का, असं तिने विचारलं.

"तू चांगली आहेस म्हणून," नाझीमावशी म्हणाली.

ही दुसरी शंका. तीन वर्षांत आपण चांगल्या असल्याचं रुमियानाच्या कानावर आलं नव्हतं. गेल्याच आठवड्यात ती सिंकमध्ये केस सोडणारी बाई होती.

पुढचे चार दिवस नाझीमावशी जिन्यात, अंगणात, एकदा तर संडासाच्या दारावर टकटक करून एकच विचारत राहिली: बाप्तिस्मा झालाय ना तुझा? ऑर्थोडॉक्सच ना? रुमियानाने दर वेळी हो सांगितलं आणि दर वेळी नवा तर्क केला. भाडं वाढवायचं असेल. पोराला पुढे युरोपात शिकायला पाठवून आपल्या उरावर बसवायचं असेल. पोरातच काही खोट असेल, या तर्काने तिने दाचीला एकदा नीट हुंगूनही पाहिलं. दाचीला दुधाचा वास येत होता. त्याने तिचं नाक धरलं.

राहता राहिला मालखाज. तिच्या खोलीतला हीटर तपासायला तो हिवाळाभर येई. हीटर उत्तम होता. बिचाऱ्याला काहीच सापडत नाही असं पाहून तिने एकदा स्वतःच एक स्क्रू सैल करून ठेवला होता. त्याने तो घट्ट केला, दोघांनी हीटरची तारीफ केली. तीन वर्षांत गोष्ट एवढीच पुढे सरकली होती. या हिवाळ्यात त्याने तोंड उघडलं नाही तर आपण उघडायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

त्या शुक्रवारी तो आला तेव्हा तिने नातलियाचा विषय काढला.

"आईने ठरवलंय," तो म्हणाला. मग बराच वेळ हीटरकडे बघून, त्याला हातही न लावता, तो खाली गेला.

उलगडा झाला रविवारी, चर्चच्या पायरीवर. मालखाजची बहीण थेआ दाचीला टोपडं घालत मजेत बडबडत होती.

"बरं झालं बाई. गल्लीतल्यांची तोंडं आता बंद होतील. म्हणत होते, ही मालखाजला पळवून बल्गेरियाला नेणार. नातलिया झालीस की तू आमच्या रक्ताची. तो तुझा भाऊच. भावाबहिणीचं कोण काय बोलणार?"

रुमियानाने नाझीमावशीकडे पाहिलं. नाझीमावशी मेणबत्त्यांच्या वाती सरळ करत होती. नवरा गेलेला, मुलगी सासरी, मळा टेकडीभर पसरलेला. तिच्याकडे एकच मुलगा होता आणि तो जाऊ नये म्हणून तिने एक तंगडी खर्ची घातली होती. रुमियानाला तिचा राग येईना. तेच फार गैरसोयीचं होतं.

आत फादर इलारिओननी बाही सावरत विचारलं, "नातलिया कोण? बाप्तिस्मा झालेला आहे ना?"

"नाही," रुमियाना म्हणाली.

नाझीमावशीने हळूच मान वळवली. ही धडधडीत थाप आहे हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे रुमियानाला माहीत होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मग सोपंय," फादर म्हणाले. "पाणी तयारच आहे. आधी हिला घेऊ, मग पोराला. फक्त हिला एक नातलिया लागेल."

"मी होते," नाझीमावशी म्हणाली.

रुमियानाने मनात नातं जुळवून पाहिलं. नाझीमावशी धर्ममाता, म्हणजे मालखाज धर्ममातेचा मुलगा. आधी मानलेला भाऊ होता, आता जवळजवळ सख्खा होत होता. कुणीतरी टॉवेल शोधायला गेलं. फादरनी मोठं घंगाळ ओढलं, त्यात ती मावेल का याचा अंदाज घेतला, आणि बूट-मोजे काढायला सांगितलं. खरं सांगावं तर दाची, खोटं रेटावं तर घंगाळ. तिने एका पायातला बूट-मोजा काढला.

"इतकी यातायात कशाला, फादर?" मालखाज मागून म्हणाला. "दाचीचा धर्मपिता मी होतो."

"तू मामा आहेस त्याचा," नाझीमावशी म्हणाली.

"मामाला चालतं."

"मामाला चालतं," फादरही म्हणाले. त्यांना दुपारी आणखी दोन बाप्तिस्मे होते.

"आणि हिचं काय?" नाझीमावशीने विचारलं.

"हिचं राहू दे आहे तसं," मालखाज म्हणाला. त्याने कोट उतरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि रुमियानाच्या हातात दिला. हीटर सोडून दुसऱ्या कशाच्या निमित्ताने तो तिच्याजवळ आल्याची ती पहिलीच वेळ. त्याचे कान लाल झाले होते. शर्टाच्या बाह्या दुमडून त्याने दाचीला उचललं.

मग रीतीप्रमाणे मालखाजला पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं. सैतान त्या बाजूला असतो. फादरनी तीनदा विचारलं, सैतानाला सोडतोस का? मालखाज तीनदा "सोडतो" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्याने. आता सैतानावर थुंकायचं होतं. पश्चिमेला नेमक्या नाझीमावशी आणि रुमियाना उभ्या होत्या.

मालखाज थांबला. नाझीमावशीने एकदा मुलाकडे, एकदा रुमियानाच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं. मग एक सुस्कारा सोडून ती बाजूला सरली, आणि सरता सरता रुमियानाच्या दंडाला धरून तिलाही आपल्याकडे ओढून घेतलं.

"कोट नीट धर," ती पुटपुटली. "खाली लोळतोय. त्याला इस्त्री करताना जीव जातो. कळेल तुला."