तलाव आटला त्या वर्षाची डिस्क

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, उमराव आजोबांच्या घरी, धानाच्या कोठीवर बसलेला मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. मित्रांनो, मला डोळा एकच. तो तांबड्या किरणाचा आहे आणि त्याला फक्त माझ्या पोटात फिरणारी डिस्क दिसते. बाकीचं घर मी ऐकून ओळखतो.

मला आणलं ते आजोबांच्या मुलाने, योगराजने. दुकानातून आणलेल्या डिस्क मी झटकन दाखवायचो. पण योगराजने कॉम्प्युटरवर स्वतः भरलेली पहिली डिस्क घातली, तेव्हा ‘फाइल चालत नाही’ एवढंच मी पडद्यावर दाखवलं.

"गोंदियावरून एवढा मिरवत आणला, अन् आता तोंड वाकडं करून राहिला," जमुनाबाई आजी म्हणाल्या.

दोष माझा नव्हता. फाइल म्हणजे एक डबा. डबा तोच दिसला, तरी आत चित्र बांधून ठेवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. त्यातल्या दोन-तीनच मला सोडवता येतात. योगराजने ते शोधून काढलं. मला कळेल अशी फाइल तयार केली आणि कमी वेगाने डिस्क भरली. त्या संध्याकाळी मी न अडखळता चाललो. मग कितीतरी वर्षं अंगणातली पोरं माझ्यासमोर चटई टाकून बसायची.

पुढे घराघरात मोबाइल आले. मी कोठीवर गेलो आणि माझ्या डोक्यावर तिखटाचा डबा आला. जागा कोरडी होती, म्हणून मी फारसा कुरकुरलो नाही.

या उन्हाळ्यात गावाने तलाव दुरुस्त करायचं ठरवलं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, पाणी शेतात सोडायची दगडी मोरी असते, तिला इकडे तुडुम म्हणतात. गावाचं तुडुम गाळात गडप झालं होतं. खोदायचं यंत्र एकाच दिवसासाठी येणार होतं. चुकीच्या जागी खोदलं तर पाळ कमजोर होणार आणि पावसाळ्यात फुटणार. यंत्र येण्याच्या आदल्या संध्याकाळीही तुडुमाची जागा मात्र कोणालाच नक्की ठाऊक नव्हती.

"मोहाच्या झाडासमोर आहे," उमराव आजोबा म्हणाले. "तलाव माझ्या आज्यानं बांधला. मले नाही ठाऊक?"

"आज्यानं बांधला, तू तं नाही बांधला गा," शेजारचे दुधराम आजोबा म्हणाले. "पळसासमोर आहे."

"म्हातारपणी डोकं फिरलं तुझं."

"तू काय कॉलेजात जाऊन राहिला?"

तेव्हा योगराजची मुलगी पुष्पांजली मध्ये बोलली. ती विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती. "आबा, तलाव आटला होता त्या वर्षी बाबानं मासे धरतानाची शूटिंग केली होती. त्यात तुडुम दिसेल."

योगराज नागपूरला नोकरीला. त्याने फोनवर सांगितलं, कॉम्प्युटर कधीच बिघडला, उरली ती एक डिस्क. ती ट्रंकेत सापडली, पण पुष्पांजलीच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नव्हती. मग तिखटाचा डबा खाली उतरला. पिवळी, पांढरी, तांबडी पिन टीव्हीला लागली. डिस्क आत आली.

मला काही दिसेना. ‘डिस्क नाही,’ मी दोनदा सांगितलं.

"झालं," उमराव आजोबा म्हणाले. "उद्या मोहासमोरच खोदू."

पुष्पांजलीने माझी विजेची पिन काढली, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि कोरड्या कापसाने डोळ्यावरची धूळ हलकेच टिपली. डिस्क तिने मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल गोल नाही. मी पुन्हा फिरलो. घरी भरलेल्या डिस्कवर रंगाच्या थरात भाजलेल्या बारीक खुणा असतात. त्या फिकट झाल्या होत्या. एक ओळ लागली, सुटली, परत लागली.

चिखल आला. टोपल्या, ओरडणारी पोरं आली. मग काळ्या केसांचे दुधराम आजोबा आले. एका चपट्या दगडावर बसून, त्याखालच्या तुडुमाच्या भोकातून ते भली मोठी मरळ ओढत होते. मागे पाळीवर पळस होता.

"थांबव," उमराव आजोबा म्हणाले.

ते चित्र मी धरून ठेवलं.

"मागं घे."

तीनदा मी मागे गेलो.

"उद्या खुणेची काठी तू गाड, दुधराम," उमराव आजोबा शेवटी म्हणाले. "मी भलत्याच जागी पाळ फोडली असती."

दुधराम आजोबांनी टोमणा मारला नाही. "मासा पाहिला का केवढा होता?" त्यांनी एवढंच विचारलं.

"टीव्हीत मोठा दिसून राहिला," उमराव आजोबा म्हणाले, आणि जमुनाबाई आजींनी दोघांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी पळसासमोर, कमरेइतक्या खोलीवर, तो चपटा दगड लागला.

आता पुष्पांजलीने टीव्हीसमोर मोबाइल धरून त्या शूटिंगची नक्कल करून घेतली आहे. मला ते आवडलं. मित्रांनो, तुमच्याही घरी अशा डिस्क असतील. त्यांच्यावरच्या खुणा दरवर्षी थोड्या फिकट होतात आणि त्या वाचणारी माझ्यासारखी यंत्रं भंगारात जातात. सुट्टीच्या दिवशी एखादी डिस्क लावून बघा. चालली, तर लगेच नक्कल करून ठेवा. मी अजून फिरतो आहे. पण आम्ही यंत्रं आधी सांगून बंद पडत नाही.