बांगड्यांची गाडी आणि ट्रॅक्टरचं तेल

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा. तुम्हाला पळायचं आहे. तुम्ही जोर लावून पाय हलवता, पण पाय जमिनीला टेकतच नाहीत, नुसते हवेत फिरतात. तोंडाला फेस येतो आणि तुम्ही जागच्या जागीच. भोवती मोठी माणसं जमतात. एक म्हणतो, "याला चष्मा लागलाय." दुसरा म्हणतो, "याचे केस कापा, मग पळेल." आणि तुम्हाला बोलता येत नाही!

मी एक जुनी मोटारसायकल आहे. गेल्या थंडीत माझी अगदी हीच गत झाली होती.

एका मोठ्या कारखान्यात मी तयार झाले. मला किक नाही. बटण दाबायचं, की सेल्फची छोटी मोटार इंजिनाला फिरवते आणि मी सुरू होते. त्या काळी याचं फार कौतुक होतं. पहिल्या मालकाने मला खूप मिरवलं आणि नवी गाडी आल्यावर गोठ्याशेजारी उभं करून टाकलं. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. तिथून मला खर्डा गावच्या शमशादने विकत नेलं.

शमशाद बांगड्या भरते. माझ्या मागच्या बाजूला बांगड्यांच्या पेट्या बांधून ती गावोगावच्या बाजारांना आणि लग्नघरी जाते. तिच्या सासूने हेच काम डोक्यावर पाटी घेऊन केलं. आता हा सगळा पसारा माझ्या पाठीवर होता आणि मला त्याचा अभिमान होता. काचेची बांगडी फुटली तर शमशाद 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणते. माझ्या पाठीवर वर्षानुवर्षं फारशा वाढल्या नाहीत, इतकी मी अलगद चालत असे.

मग शेजारच्या मच्छिंद्रला माझी दया आली.

मच्छिंद्र मनाने सोन्यासारखा. तेच तर दुखणं आहे! वाईट माणसाला निदान हाकलता येतं. माझं ऑइल बदलायला झालं होतं, तेव्हा तो ट्रॅक्टरचं उरलेलं तेल घेऊन आला.

"भाभी, विकत कशाला आणता? हे घ्या. लई जाड हाय. माझा एवढा मोठा ट्रॅक्टर चालतो याच्यावर, तुमच्या ह्या शेळीला काय हुतंय?"

शेळी म्हणजे मी. शमशादला नाही म्हणवेना, आणि ते तेल माझ्या पोटात गेलं.

थंडी पडली तसा सकाळी सेल्फ घसरू लागला. बटण दाबलं की मोटार घर्रर्र फिरायची आणि इंजिन ढिम्म. मोटार जोर लावते, इंजिन झोपलेलं, आणि दोघांच्या मधे कुणीतरी हात सोडून दिलेला.

मग उपचार सुरू झाले. मच्छिंद्र म्हणाला, "बॅटरी गेली." नवी बॅटरी आली. घर्रर्र. "मग प्लग." प्लग बदलला. घर्रर्र. एकाने माझी पेट्रोलची टाकी गदागदा हलवली. एकाने सायलेन्सरमध्ये फुंकर मारली. मित्रांनो, दुखतंय गुडघ्यात आणि लोक कानात तेल घालताहेत, असं पाहून तुम्ही काय केलं असतं? मला तर फक्त घर्रर्र म्हणता येत होतं. तेही कुणी ऐकत नव्हतं.

शेवटी सगळं धक्क्यावर आलं. मला मारुतीच्या देवळाच्या उतारावर न्यायचं आणि ढकलायचं. गिअर पडला की मला असा हिसका बसायचा की पेटीत खळ्ळकन आवाज व्हायचा. शमशाद डोळे मिटून घ्यायची.

"किती वाढल्या, अम्मी?" आयत विचारायची. आयत ही तिची मुलगी, पाचवीतली.

"मोजू नको," शमशाद म्हणायची.

अशातच जातेगावच्या एका घरून निरोप आला. परवा हळदीच्या सकाळी नवरीला हिरवा चुडा भरायला या. त्या घरच्या सगळ्या लेकींना शमशादच्या सासूने चुडा भरला होता. पण गाडीचं रडगाणं तिथवर पोचलं होतं. निरोप आणणारा म्हणाला, "येळेवर न्हाई आलात, तर टेम्पोवाल्या बांगडीवाल्याला सांगणार हायेत."

त्या संध्याकाळी शमशाद माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणाली, "उद्या गहिनीनाथला दाखवू. त्याच्याच्यानंही झालं न्हाई, तर हिला विकून टाकू."

गहिनीनाथ आमच्या गावचा मेकॅनिक. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि शाळा सकाळची. दुपारी मायलेकींनी मला ढकलत त्याच्या दुकानात नेलं. त्याने मान वर न करता विचारलं, "बॅटरी बदलली का?"

मला वाटलं, आता इथेच आडवं पडावं.

"बदलली की!" आयत म्हणाली. "हॉर्न तर म्हशीसारखा वाजतोय. मग बॅटरी कशी गेली?"

"व्हय का? मग काय झालंय, डॉक्टरीणबाई?"

आयत गोरीमोरी झाली, पण थांबली नाही. "माझी सायकल अशीच झाली हुती. पायडल नुसतं फिरायचं, चाक जागेवर. आत चिकटा झाल्ता."

गहिनीनाथने पाना खाली ठेवला. पहिल्यांदाच कुणीतरी मला नीट पाहिलं, मित्रांनो.

त्याने मला मधल्या स्टँडवर उभं केलं, इंजिन पेटू नये म्हणून प्लगची टोपी काढली आणि शेवटचा गिअर टाकला. आयतला मागच्या टायरवर खडूची रेघ मारायला लावली. "आता इंजिन फिरलं तर चाक फिरणार. तू रेघ बघ." त्याने बटण दाबलं. घर्रर्र!

"हलली पण न्हाई!" आयत ओरडली.

मग त्याने चाक हातानेच फिरवलं, तर आत इंजिन सुस्कारे टाकत फिरलं. म्हणजे इंजिन जाम नव्हतं. मोटारही ठीक होती. मधली पकड सुटत होती.

डावीकडचं झाकण उघडलं तेव्हा तेल काकवीसारखं ओघळलं. गहिनीनाथने ते बोटांत चोळून पाहिलं. "भाभी, हे कुणाचं तेल?"

"मच्छिंद्रभाऊंचं."

"मच्छिंद्रचं न्हाई, त्याच्या ट्रॅक्टरचं," तो कपाळावर हात मारत म्हणाला.

माझ्या आत चुंबकाच्या चाकामागे एक छोटा क्लच असतो. त्यात खडूच्या तुकड्याएवढे तीन पोलादी रूळ, आणि प्रत्येकामागे एक स्प्रिंग. मोटार फिरली की रूळ अरुंद जागेत सरकतात, गच्च बसतात आणि इंजिनाला ओढतात. इंजिन सुरू झालं की आपोआप मोकळे होतात. माझे रूळ त्या जाड तेलात गारठून चिकटत होते. घसरून घसरून एका अंगाने झिजले होते. एक स्प्रिंगही चेपली होती. एवढंसं दुखणं, आणि मी बॅटरी, प्लग, फुंकर सगळं सोसलं!

गहिनीनाथने जामखेडच्या दुकानात फोन लावला. नव्या सामानाची पुडी संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरने आणून दिली. गहिनीनाथने क्लच रॉकेलने धुतला, नवे रूळ आणि स्प्रिंग बसवले आणि क्लचमध्ये बसलेलं दातेरी चाक आयतला फिरवायला दिलं. "एकीकडं फिरव." फिरलं. "आता उलटं." घट्ट अडलं.

"अशीच पकड पायजे," तो म्हणाला. मग माझ्यासाठी बनलेलं पातळ ऑइल ओतलं आणि बटण दाबलं. मी धडधडले! शमशादने पदर डोळ्यांना लावला.

"आत्ता लागली," गहिनीनाथ म्हणाला, "पण खरी परीक्षा सकाळच्या गारठ्यात. उद्या लागली तर म्हणा झाली."

मित्रांनो, एक विनंती करते. यंत्र बिघडलं तर आधी गप्प बसून त्याचं ऐका. काय फिरतंय, काय फिरत नाही, ते पाहा. आणि ज्याला जे तेल लागतं तेच द्या. माया केली म्हणून चुकीचं तेल बरोबर होत नाही.

हळदीची सकाळ उजाडली. सीटवर दव होतं. हिरव्या बांगड्यांच्या पेट्या बांधून झाल्या आणि शमशाद किल्ली आणायला आत गेली. तेवढ्यात मच्छिंद्र आला. हातात तोच डबा!

"काय आयत, झाली म्हणं शेळी नीट? पातळ तेल घातलंय त्यानं, मला कळलं. पाण्यावानी असतंय ते. थांब, वरून जरा जाड टाकतो, म्हंजी टिकंल."

तो खाली बसला आणि त्याने माझ्या तेलाच्या झाकणाकडे हात नेला. मला ओरडता येत नव्हतं. शमशाद किल्ली घेऊन दारात आली, पण इतक्या चांगल्या माणसाला नाही कसं म्हणावं, हे तिला आजही सुचेना.

आयतने आईच्या हातातली किल्ली घेतली आणि मला लावली. मग मच्छिंद्रच्या हाताखालून वाकून तिने एक तळहात माझ्या झाकणावर घट्ट दाबला, दुसरा हात ताणून हँडलपर्यंत नेला, आणि बटण दाबलं. घर्रर्र नाही, मित्रांनो, मी पहिल्याच दमात धडधडले!